एकोणिसावा फॉर्म

आमच्या शाळेतल्या कारकूनबाईंना सगळे पाठीमागे टाचणीबाई म्हणतात. कागद असो की माणूस, टोचल्याशिवाय सोडत नाहीत. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसल्यात, आणि यंदा पुन्हा मुलांचं सुख मोजायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

वरून फॉर्म आले होते. चाळीस वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'मला शाळेत यावंसं वाटतं', 'मला जवळचे मित्र आहेत', असली. नाव लिहायचं नाही. नववीच्या वर्गशिक्षकांनी मुलांना आधीच पढवून ठेवलं, "सगळीकडे पाच नको रे, अधूनमधून चार टाका, खरं वाटेल." म्हणजे डॉक्टरनेच रोग्याला सांगायचं, ताप मोजून झाला की थर्मामीटर जरा झटकून दे! मी विज्ञान शिकवतो. असलं मोजमाप कुणाच्या प्रयोगवहीत दिसलं तर मी पान फाडायला लावीन.

बाई ऑफिसात संगणकात आकडे भरत होत्या, मी समोरच बसलो होतो. एका फॉर्मवर चाळीसच्या चाळीस ठिकाणी एक. संगणकाने लगेच निकाल दिला: उत्तरं एकसारखी, फॉर्म बाद.

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, "कुणीतरी चेष्टा केलीय. नियम आहे, काढून टाका. सरासरी छान येतेय, कशाला खाजवून खरूज काढता?"

"सरासरी घाला चुलीत," असं पुटपुटत बाई परत आल्या आणि गठ्ठा माझ्यासमोर आपटला. फॉर्मवर नाव नव्हतं खरं, पण नववीचे वर्गशिक्षक सवयीचे गुलाम. उत्तरपत्रिका असोत की सुखाचे फॉर्म, हजेरीच्या क्रमानेच लावून देतात. त्या दिवशी गैरहजर कुणी नव्हतं. बाईंनी मोजलं. एकोणिसावा.

मी म्हटलं, "अहो, गुप्त ठेवू असं सांगितलंय मुलांना."

"मग काय, गुपित सांभाळत बसू आणि पोर गमावू?" त्या खेकसल्या.

त्या नंबरच्या मुलीला मी दोन वर्षं शिकवतोय, पण तिचा आवाज काही केल्या आठवेना. लाज वाटली. बाईंनी तिला पाकिटं चिकटवायच्या निमित्ताने ऑफिसात बोलावलं. दहा-बारा पाकिटं झाली. शेवटी बाईंनीच फॉर्म टेबलावर ठेवला.

"तुझाच ना? मी रागावणार नाही."

मुलीने मान हलवली. "मॅडम, मागच्या वर्षीपण मी असाच भरला होता. महिनाभर वाट बघितली, कुणीतरी बोलावेल म्हणून."

मागच्या वर्षी बाद झालेले फॉर्म बाईंनी न बघताच रद्दीत घातले होते. मला ठाऊक होतं, गठ्ठा उचलायला मीच हात लावला होता.

बाईंनी पाकिटं बाजूला सारली. "तो मीच फेकला गं," त्या म्हणाल्या.