उंबऱ्यावरची बातमी

मांडवीच्या खारवावाड्यात, खलाशांच्या वस्तीत, पानबाईच्या वाटेला कुणी जात नसे. बाई एकदा डूख धरून बसली की बसली. आणि सारा डूख एकाच माणसावर, देवकरण शेठवर.

तिचा नवरा वालजी हा या शेठच्या गलबतावर खलाशी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय खारवा शीड उभारत नाही. पण त्या साली मस्कतला तांदळाचा भाव चढला, आणि शेठने पौर्णिमेआधीच गलबत हाकललं. तुफानात वालजी गेला. खलाशी बुडाला की मालकाने स्वतः त्याच्या घरी जावं, उंबऱ्यावर उभं राहून, नाव घेऊन बातमी सांगावी, ही वाड्याची रीत. पण शेठ तसा गेला असता तर गलबत आधी का सोडलं, हे विचारलंच असतं लोकांनी. मग या भल्या माणसाने काय उठवावं? तर वालजी मस्कतला उतरला आणि तिथेच दुसरी बाई करून राहिला! बरोबरचे खलाशी पोटासाठी मूग गिळून बसले.

पानबाईला ते कधीच पटलं नाही, पण आता ती ना धड सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला बायकांचं बोट तिच्या कपाळापाशी येऊन अडायचं. ती शीडं शिवायची आणि मनात म्हणायची, "शेठ, एवढ्यात मरू नकोस हां."

म्हातारपणी ती गावातल्या नव्या संग्रहालयात झाडू मारायला लागली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिथले अंजारिया साहेब काचेच्या कपाटाखालची पाटी मोठ्याने वाचून बघत होते. आत शेठच्या गलबताची लाकडी प्रतिकृती. पाटीवर लिहिलेलं, 'या गलबताने एकही माणूस समुद्राला दिला नाही.'

"कुणी सांगितलं हे?" पानबाईने झाडू थांबवून विचारलं.

"खुद्द शेठनी. का हो मासी?"

"काही नाही. अक्षर छान आलंय."

तिथून ती तडक म्हाताऱ्या कानजी खलाशाकडे गेली; त्या सफरीत तो वालजीबरोबर होता. "कानजीभाई, आता तुमची चाकरी यमाकडेच. आता तरी तोंड उघडाल?"

दुसऱ्या दिवशी कलेक्टरांसमोर शेठने हार घालून घेतला आणि पाटीवरचंच बोलून दाखवलं. पानबाईशेजारी बसलेला कानजी उठला.

"शेठ, हिच्या माणसाच्या कमरेची दोरी माझ्या हातात होती. ती तुटली. मस्कत अजून लांब होतं."

शेठने काठी आपटली.

"बुडाला असेल. झालं समाधान? बस आता खाली."

"इथे नाही," पानबाई म्हणाली. "घरी येऊन सांगा."

"पाय चालत नाहीत गं माझे."

"मग सावकाश चाला."

कलेक्टर बघत होते, नाही कसं म्हणणार? भर उन्हात काठी टेकत शेठ खारवावाड्यातून पानबाईच्या घराकडे निघाला. दारोदारी माणसं उभी होती, पण बसायला खुर्ची कुणी दिली नाही. पानबाई उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली.

"तुझा नवरा समुद्रात गेला," शेठ धापा टाकत म्हणाला. "पौर्णिमेआधी मीच धाडला होता. माफ कर."

"नाव घेऊन सांगा."

शेठचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याने कानजीकडे पाहिलं. कानजी खाली बघत होता. सगळ्या वाड्याला ते नाव ठाऊक होतं, पण एकाचे ओठ हलतील तर शपथ. आणि बायको तर नवऱ्याचं नाव घेत नाही.

"आठवा," पानबाई म्हणाली आणि आत भिंतीला टेकून बसली. "मला घाई नाही."