मावशीची कवळी

आमची मावशी बाजारात कपड्यांचं ऑल्टरेशन करते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची. ओठांत टाचण्या धरूनच ती गिऱ्हाइकाला सुनावते, "पोट आत ओढू नका, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे." अशी फटकळ माणसं मला फार आवडतात. गोड बोलणाऱ्यांचा मला वैताग येतो.

काही वर्षांपूर्वी तिला एचआयव्ही आहे हे कळलं तेव्हा ती मरता मरता वाचली होती. जिभेवर पांढरा थर आला, तीच आजाराची पहिली खूण. गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सावरली, पण हिरड्या पार खराब झाल्या होत्या. दात गेले ते गेलेच. पुढे बराच काळ मावशी तोंडावर पदर धरून बसायची. मग कवळी आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला.

मागच्या महिन्यात तिने मला दुकानात बोलावलं आणि आपली मोठी कात्री माझ्या हातात ठेवली.

"तुझ्याकडे राहू दे. माझं आता काही खरं नाही."

टाळूवर पुन्हा तसाच पांढरा थर आला होता. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही, तिने सांगितलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरकडे जायचं सोडून ही बाई कात्र्या वाटत बसली होती. काकांना फोन करून बोलावलं आणि दोघांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तोंड तपासलं, रक्ताचा ताजा रिपोर्ट वाचला.

"आजार काबूत आहे. ही कवळीखाली वाढलेली बुरशी. औषधाने जाईल. झोपताना कवळी काढता ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "मोरीत धुते. दार लावून."

"मग रात्री का नाही काढत?"

मावशीने मान खाली घातली. "हे शेजारी असतात."

काका तसे मोजकं बोलणारे. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकले.

"हॉस्पिटलात तुला उचलून बाथरूमला नेत होतो. तेव्हा तू राहतेस की जातेस, एवढीच भीती होती. तुझ्या बोळक्याला मी घाबरणार होय?"

मावशीने कवळी काढली, बाईंच्या ट्रेमध्ये ठेवली आणि डोळे पुसत बोळक्या तोंडानेच काकांवर डाफरली, "मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"