खळ्यावरचा निकाल

"न्यायाधीश कुणाला केलंस म्हणालास?" मी विचारले.

"गावातलेच एक अण्णा होते की ओ सर," सदानंद म्हणाला. "ह्या एवढ्या मिशा, कानात भिकबाळी, डोक्याला जरीचा पटका. खुर्चीत बसले आणि कोर्टाला शोभाच आली बघा."

चिमटीतली तपकीर मी परत डबीत टाकली. "डाव्या पायानं जरा लंगडतात?"

"व्हय! तुम्ही वळखता त्यांना?"

"ओळखतो. आपल्या दाव्यातले प्रतिवादी आहेत ते."

सदानंद अंगातला काळा कोट काढत होता. एक बाही निघाली होती, दुसरी तशीच राहिली.

आधीचे थोडे सांगायला हवे. ते महायुद्धाचे दिवस. मी चिकोडीला वकिली करत होतो. सदानंद बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा मुलगा. लॉ कॉलेजात शिकत होता आणि सुट्टीत काम शिकायला माझ्याकडे आला होता. अशा मुलांना आता इंटर्न म्हणतात. तेव्हा उमेदवार म्हणत आणि हमालासारखे राबवत. मीही बेळगावात एका बड्या वकिलांकडे असाच उमेदवार होतो. त्यांनी मला कायद्याचे एक अक्षर शिकवले नाही. त्यांच्या मागून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन चालायचे, आणि दुपारी ते जेवून आडवे झाले की अशिलांना "साहेब वाचताहेत" म्हणून सांगायचे, एवढीच माझी वकिली. आतून घोरणे ऐकू येई. तेव्हाच मी ठरवले होते, की उद्या माझ्याकडे कुणी उमेदवार आला तर त्याला खरे काम द्यायचे. खरे काम दिले की काय होते, ते सदानंदाने मला दाखवले.

दावा वाटेचा होता. निपाणीजवळच्या एका खेड्यातला जिनाप्पा माझा अशील. त्याचे तंबाखूचे रान रस्त्यापासून आत होते. मधे भरमगोंडाचे रान. जिनाप्पाच्या गाड्या बापाच्या काळापासून भरमगोंडाच्या रानातल्या वाटेने रस्त्याला लागत. त्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत वाढपी आधी कुणाच्या पानाकडे आला, यावरून दोघांचे बिनसले. हसू नका. आमच्याकडचे निम्मे दावे पंगतीत सुरू होतात आणि कोर्टात उष्टे काढायला येतात. दुसऱ्याच दिवशी भरमगोंडाने वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

इकडे जिनाप्पाचा तंबाखू कापून रानात वाळत पडला होता. गाडी नेता येत नसेल, तर डोक्यावरून ओढ्यातून न्यावा लागणार. वाळलेल्या पानाचा वाटेत चुरा होतो, आणि भिजले तर निपाणीचे व्यापारी त्याला हात लावत नाहीत. जिनाप्पाच्या घराचे वर्षाचे पोट त्या काट्यांपलीकडे अडकले होते. तो रोज चिकोडीला येऊन माझ्या ओसरीवर बसे. बोलत काही नसे, नुसता बसे. त्याचा मला फार त्रास होई.

कायदा सोपा आहे. एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, हक्काने ये-जा केली, की तिच्यावर तुमचा वहिवाटीचा हक्क होतो. मग ती कुणाला अडवता येत नाही. भरमगोंडाचे म्हणणे असे, की मी शेजारधर्म म्हणून जाऊ दिले, त्यात हक्क कसला? आमचा सगळा भार तवनाप्पा नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानावर होता. त्याचा जन्म त्याच वाटेवर गाडी हाकण्यात गेला होता. माणूस खरा, पण काळा कोट दिसला की त्याची बोबडी वळे. मी ऑफिसात नाव विचारले तर त्याने थोरल्या भावाचे सांगितले.

म्हणून मी सदानंदाला पाठवले. "त्याला कोर्ट म्हणजे काय ते समजावून सांग. समोरचा वकील खोदून खोदून विचारतो, त्याला उलटतपासणी म्हणतात, तिला भ्यायचं नाही म्हणावं. पण उत्तरं पढवायची नाहीत. खरं असेल ते त्याच्याच तोंडून येऊ दे."

कोळशाच्या ग्यासवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने सदानंद गेला. तवनाप्पाला समजावणे काही जमेना, तेव्हा याच्या डोक्यात आले की कोर्टच भरवून दाखवावे. जिनाप्पाच्या खळ्यावर शाळेतली खुर्ची आणली. गावचा न्हावी पट्टेवाला झाला आणि "तवनाप्पाऽऽ हाजिर हैऽऽ" म्हणून ओरडला. सारा गाव लोटला. आमच्या त्या भागात तमाशा वर्षाकाठी एकदा यायचा, आणि हा तर फुकट होता.

आमच्या बाजूने काय शिकवतात ते बघायला भरमगोंडाही येऊन कडेला उभा राहिला होता. सदानंदाने त्याला दाव्याच्या कागदावर वाचले होते, डोळ्यांनी पाहिले नव्हते. न्यायाधीश कुणाला करावे म्हणून त्याने गर्दीवर नजर फिरवली, आणि सगळ्यांत रुबाबदार माणूस निवडला. गावाने श्वास रोखला. एकानेही सांगितले नाही. सदानंदाने स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर चढवला आणि वाकून नमस्कार केला. एवढा मान मिळाल्यावर खुर्ची नाकारायला माणूस फार थोर लागतो.

"पुढं?" मी विचारले. कपाळ हातात धरले होते.

"पुढं मी भरमगोंडाचा वकील झालो. उलटतपासणी सुरू केली. म्हटलं, भरमगोंडानं मेहेरबानी म्हणून वाट दिलती, खरं का खोटं? तवनाप्पा काय बोलंना. नुस्ता न्यायाधीशांच्या तोंडाकडं बघाय लागला."

"बघणारच."

"मी म्हटलं भिऊ नको, बोल. तर त्यांनाच हात जोडून म्हणतो, 'सायेब, तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय? तुमच्या बानंच ह्या वाटंवर मुरूम टाकलता. माझ्याच गाडीतनं. निम्मा मुरूम जिनाप्पाच्या बाचा, निम्मा माझा, वाट दोघांची, असं म्हणलते त्ये.'"

मी ताठ झालो. दोघांच्या बापांनी निम्मा निम्मा मुरूम टाकला, म्हणजे मेहेरबानी कुठली, हक्कच. इतके दिवस मी हीच गोष्ट तवनाप्पाकडून काढायला बघत होतो. "मग तू काय केलंस?"

"झापलं त्याला. म्हटलं, साक्षीदारानं न्यायाधीशांच्या वडलांना मधे आणायचं न्हाय! तर लोक हसून हसून पडाय लागले."

"आणि न्यायाधीश?"

"ते हसले न्हाईत. लई वेळ मिशीला पीळ देत बसले. मग म्हणाले, 'साक्षीदार खरं बोलतोय. वाट जुनी हाय. काटं काढा.' कोट काढून माझ्या हातात दिला आणि गेले."

"काढले काटे?"

"ते कशाला काढतील? खोटं कोर्ट होतं न्हवं ते, सर?"

आमचा एकुलता एक साक्षीदार प्रतिवादीपुढे सगळे ओकून बसला होता. त्याचे वकील हणमंतराव हुशार माणूस. आता ते मुरुमाला उत्तर शोधून ठेवणार, आणि वर साक्षीदार पढवल्याचा आरोप करून मला सबजज्ज साहेबांपुढे उभे करणार. मी सदानंदाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. बिचारा रात्री जेवला नाही. सकाळी मी त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढायला सांगितल्या.

तारखेच्या दिवशी आधी जिनाप्पाला गाठले. "अरे, खुर्चीत कोण बसलंय ते तुला दिसत नव्हतं? बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुमचाच डाव हाय," तो म्हणाला. "गाव बी म्हणतंय, वकील लई पोचलेला. त्येलाच खुर्चीत बशीवला आणि त्येलाच अडकीवला."

मी ते खोडून काढले नाही. फुकटचे मोठेपण नाकारायला मी काही संत नव्हे.

एवढ्यात हणमंतराव गाऊन सावरत आले. चेहरा लालबुंद. "काय पाजलंत हो माझ्या अशिलाला? म्हणतो, निकाल लागलाय, आता काय भांडायचं!"

मागून भरमगोंडा शांतपणे लंगडत आला. हणमंतराव त्याच्याकडे वळले. "अण्णा, शंभर वेळा सांगितलं, ते खोटं कोर्ट होतं."

"कोर्ट खोटं असंल ओ," भरमगोंडा म्हणाला. "मी तर खरा हुतो न्हवं? साऱ्या गावाम्होरं बोललोय. बाचं नाव निघालं, ते बी खरं निघालं. आता फिरलो तर पोरंसोरं म्हणतील, दुसऱ्याला न्याय सांगतोय आणि सोत्ताची पाळी आली की जीभ फिरीवतोय. पर एक सांगतो. मी हरलो असं लिवायचं न्हाय. मी न्याय केला, असं लिवा."

हणमंतरावांनी डोक्याला हात लावला. मला मात्र त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. गाऊन घातलेला नसता तर मारलीही असती. जिनाप्पा खाली मान घालून पुढे आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमी म्हणशीला तसं लिवू." त्या पंगतीपासून ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

दोघांनी मिळून तडजोड केली असे कोर्टाला लिहून द्यायचे असते, त्या कागदाला पुरशीस म्हणतात. आम्ही ती दिली. सबजज्ज साहेबांनी वाचली, चष्मा वर केला आणि भरमगोंडाला विचारले, "हे तुम्ही राजीखुशीनं करताय ना? कुणी दडपण आणलेलं नाही?"

"न्हाय सायेब. निकाल आदीच झालाय."

"कुठल्या कोर्टात?"

"जिनाप्पाच्या खळ्यावर."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग हणमंतरावांकडे. आम्ही दोघेही छताकडे पाहत होतो. मग त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या सदानंदाकडे पाहिले.

"न्यायाधीश कोण होते?"

"मीच की," भरमगोंडा म्हणाला.

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. बराच वेळ ते खोकत होते. मग कागदावर सही करत म्हणाले, "मग आमच्याकडे हे अपील आलं म्हणायचं. खालच्या कोर्टाचा निकाल कायम."

संध्याकाळच्या आत काटे निघाले. ते भरमगोंडाने स्वतः उभे राहून काढून घेतले, आणि जिनाप्पाचा तंबाखू अखंड पानाने निपाणीला पोचला. पुढे गावात कुठेही तंटा झाला की लोक भरमगोंडाला खुर्ची देऊ लागले. त्याने एक काळा कोटही शिवून घेतला. त्या गावातून आमच्याकडे दावे येणे बंद झाले, आणि हणमंतराव माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

सदानंद पुढे चांगला वकील झाला. त्याच्या हाताखालीही उमेदवार येऊ लागले. त्यांना कसे शिकवावे, असे तो एकदा मला विचारत होता. मी म्हटले, खरे काम जरूर द्यावे. फक्त आधी प्रतिवादी दाखवून ठेवावा.