कडक भाकरी

गरिबी खोटी नव्हती. आई दिवसभर विड्या वळायची आणि एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. पण खासदार होऊन दिल्लीला गेल्यावर लक्षात आलं, की तिथं विड्यांपेक्षा भाकरी जास्त चालते. 'शिळी, वाळकी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन शिकलो,' असं म्हटलं की लोक चुकचुकायचे. मग मी प्रत्येक भाषणात तेच सांगत सुटलो.

परवा आमच्या सोलापुरात माझा सत्कार होता. सवयीनं तेच वाक्य तोंडातून गेलं. इथं कुणी चुकचुकलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "वाळकी कशी? कडक भाकरी म्हणा की. आमच्यातबी रोज हाय." सगळं सभागृह हसलं.

पहिल्या रांगेत आई बसली होती. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापून धगीवर पापडासारखी कडक कशी करायची, हे गल्लीतल्या सुना तिच्याकडून शिकल्या. त्या भाकरीला मी गावोगाव शिळी म्हणत हिंडलो होतो. आई हसली नाही. पदर सारखा करत खाली बघत राहिली.

दर खेपेला मी निघताना ती कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून द्यायची. या वेळी डब्यात मऊ चपात्या होत्या. मी झाकण परत लावलं. तीच म्हणाली, "मऊच ने बाबा. कडक बघून दिल्लीतली लोकं म्हणतील, आई पोराला शिळं घालती."