पाटोळे मॅडमनी बसवलेली लिफ्ट

पाटोळे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ह्यांना चहा पाजत होते. ह्यांनी बशी बाजूला सारली. "मातीला मी येणार," म्हणाले. अर्धांगानंतर ह्यांचं बोलणं तुटक झालंय, पण हे अगदी स्वच्छ आलं...

ॲडव्होकेट एस्तेर पाटोळे यांनी संगमनेरात जन्मभर हाउसिंग सोसायट्यांचीच कामं केली. गळती, पार्किंग, गच्चीची किल्ली, बिल्डरनं सोसायटीच्या नावावर करून न दिलेली जमीन. कोर्टातले सहकारी त्यांना गमतीनं 'जिन्यातल्या वकीलबाई' म्हणत. "तुमचे पक्षकार निकालानंतर आपापल्या वाटेनं जातात," त्या उत्तर द्यायच्या, "माझे दुसऱ्या दिवशी दूध घेताना समोरासमोर येतात."

आमची ओळख झाली लिफ्टवरून. इमारत चार मजली, आम्ही सगळ्यांत वर. दवाखान्यातून चौघांनी उचलून वर आणलेला माझा नवरा पुन्हा खाली उतरलाच नव्हता. लिफ्टला सगळे तयार. अडून बसले ते तळमजल्यावरचे आप्पा लोंढे. कर्जतकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लिफ्ट येणार होती नेमकी त्यांच्या खिडकीसमोर. "वैनी, माझ्या घरात अंधार व्हईल," एवढंच ते म्हणत. मला त्यांचा असा काही संताप यायचा!

मॅडमना म्हटलं, बहुमत आपलं आहे, ठराव करून टाका. त्या म्हणाल्या, "ठराव होईल हो. पण मग रोज लिफ्टच्या दारात आप्पा भेटतील, त्याचं काय?" आणि त्यांनी आपला नेहमीचा हट्ट धरला: भांडणाऱ्यांनी आधी एकमेकांच्या घरी जाऊन बसायचं, कागद नंतर. मी वकील केलीय की सोयरीक जमवणारी, असं मी तोंडावर विचारलं. त्या हसल्या आणि मला आप्पांच्या खोलीत नेऊन बसवलं. खोलीला ती एकच खिडकी. तिच्या उन्हात आप्पांच्या पत्नी यमुनाबाई गोधडी शिवत होत्या.

मग आप्पा आमच्याकडे आले. इतकी वर्षं शेजारी, पण चौथा मजला त्यांनी पहिल्यांदाच चढला. ह्यांनी पलंगावरून विचारलं, "आप्पा... कोपऱ्यावरचं रसवंतीगृह... चालू आहे ना?" तिथं केव्हाच मोबाईलचं दुकान झालं होतं. आप्पा खाली बघत म्हणाले, "हाय की. तुमी खाली या, मंग जाऊ."

जिना उतरता उतरताच त्यांनी लिफ्टला होकार दिला. मॅडमनी ठरावात एक ओळ वाढवली: आप्पांच्या खोलीतल्या दिव्याचं बिल सोसायटी भरेल.

मातीच्या दिवशी लिफ्ट खाली आली तेव्हा आप्पा दाराशी उभे होते. कब्रस्तानापर्यंत ह्यांची चाकाची खुर्ची त्यांनीच ढकलली, मला हात लावू दिला नाही. पाळकांची प्रार्थना झाल्यावर ह्यांनी मूठभर माती टाकली. मला रडू आवरलं नाही.

परतलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन, आणि आप्पांच्या खोलीत दिवा लावलेला. यमुनाबाई सुईत दोरा ओवत होत्या. मी विचारलं, दिसतं का नीट?

"उजेड बरा पडतो," त्या म्हणाल्या, "ऊन तेवढं येत न्हाई."

मी त्यांची गोधडी उचलली, त्यांना लिफ्टनं वर आणलं आणि आमच्या गॅलरीत बसवलं. आता त्या रोज दुपारी येतात. उन्हात पाय पसरून टाके घालतात, शेजारी ह्यांची खुर्ची. हे इतक्या उशिरा सुचलं मला... मॅडमना दाखवायचं राहून गेलं.