सुवाला पाठवलेले टेबल

एउआ बेटावरच्या प्राथमिक शाळेत तानिएला गेली बावीस वर्षे सुताराचे व राखणीचे काम करीत होता. ज्याचा निदान एक तरी पाय त्याने बसवलेला नाही, असा एकही बाक त्या शाळेत नव्हता. तो स्वतः मात्र चौथीपर्यंतच शिकला होता, आणि तेही घरी चटईवर पालथे पडून. त्याच्या वडिलांच्या घरात टेबल नव्हते. डाव्या कोपरावर भार देऊन आणि उजव्या हाताने लिहून त्या कोपराची कातडी जी जाड व काळी झाली, ती त्रेपन्नाव्या वर्षीही तशीच राहिली होती. बाक दुरुस्त झाला की तो तेच कोपर त्यावर टेकवून सगळ्या अंगाचा भार देई. बाक हलला नाही, म्हणजे काम झाले.

त्याची मुलगी लोसे हिला समुद्रापलीकडच्या सुवा शहरातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा गावात मोठा आनंद झाला. तिला हिशेबशास्त्र शिकायचे होते. प्रवेशाच्या अर्जात राहण्याच्या सोयीविषयी एक रकाना होता. विद्यापीठाच्या आवारातील मुलींचे वसतिगृह, बाहेर चौघींनी मिळून घेतलेले घर, किंवा नातेवाइकांचे घर, असे तीन पर्याय त्यात दिले होते. लोसेने वसतिगृहापुढे एकचा आकडा घातला आणि तिसऱ्या पर्यायापुढे काहीच लिहिले नाही. हे तिने कोणाला विचारून केले नाही.

मार्च महिन्याच्या एका सोमवारी विद्यापीठाचे पत्र तिच्या फोनवर आले. वसतिगृहात जागा मिळाली होती. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. सोबत खोलीची छायाचित्रे होती. फुसीने, म्हणजे तानिएलाच्या बायकोने, खाटा पाहिल्या, पडदे पाहिले आणि संडास कुठे आहे ते विचारले. तानिएलाने एकच गोष्ट पाहिली.

"टेबलं दोन दिसतात."

"दोघींची दोन, बाबा. प्रत्येकीचं वेगळं."

"खण आहे?"

"आहे. आणि वर दिवा. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं असतं."

तानिएलाने छायाचित्राकडे पुन्हा बराच वेळ पाहिले. "पाय बारीक लावलेत," तो म्हणाला. परंतु त्याला झालेला आनंद त्या दोघींना कळला.

सुवामध्ये तानिएलाची थोरली बहीण राहत होती. तिचे नाव सिउतिती. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला तीस वर्षे झाली होती. नवरा वारला होता, आणि दोन खोल्यांच्या घरात मुलगा, सून, सुनेची आई व नातवंडे धरून आठ माणसे होती. आमच्या बेटांवर बहिणीचा मान भावापेक्षा वरचा असतो, आणि वडिलांच्या बहिणीचा मान तर त्या घरातल्या मुलांसाठी सर्वांच्या वरचा. आत्याने मागितले आणि दिले नाही, असे घर आमच्याकडे कोणी पाहिलेले नाही. भावाबहिणीने एकमेकांशी थेट फार बोलू नये, हीही रीत. म्हणून सिउतितीचा फोन नेहमी फुसीच्या फोनवर येई. तानिएला उठून दाराबाहेर उभा राही, आणि तिथूनच सगळे ऐके.

मंगळवारी तो फोन आला. एउआहून सुवाला गेलेल्या कोणीतरी प्रार्थनेनंतर ही बातमी सांगितली होती.

"फुसी, मी मेले का गं?"

"असं काय बोलता, वन्सं!"

"मग? माझ्या भावाची पोर या गावात येणार, आणि परक्या मुलीबरोबर परक्या खोलीत झोपणार! इथली आपली माणसं मला काय म्हणतील? म्हणतील, सिउतितीच्या घरात भाकरी संपली."

"तसं नाही, वन्सं. अभ्यासाला जरा शांत…"

"माझ्या घरात काय दंगल चालते? लहान पोरं आहेत, ती आवाज करणारच. त्याला सांग, मी पोरीसाठी कोपरा रिकामा केलाय."

फोन बंद झाल्यावर फुसी दारात आली. "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग आता तोंड उघडा. बहिणीचा आवाज आला की तुम्ही आपले दाराचे खांब."

"मी काय बोलणार? ती मागतेय."

लोसे आतून म्हणाली, "बाबा, आठ माणसं आहेत तिथं. दोन खोल्या. मी नववी. मी वाचणार कुठं, चुलीवर?"

तानिएला शाळेत गेला आणि ज्या बाकाला काहीच झाले नव्हते तो त्याने उलटा करून तपासला.

त्या रात्री विचार करता करता त्याला एक वाट दिसली. सिउतितीच्या वर आणखी एक माणूस होते. त्यांच्या वडिलांची बहीण तोआकासे अजून जिवंत होती. तिचे वय एक्क्याण्णव होते आणि बेटाच्या दक्षिण टोकाच्या गावात ती नातवाकडे राहत होती. सिउतिती ही लोसेची आत्या, तर तोआकासे ही सिउतितीचीच आत्या. तिने एक शब्द टाकला असता, तर सिउतितीला त्यापुढे जाता आले नसते. आणि मग भावाने बहिणीचे मोडले असेही झाले नसते.

बुधवारी त्याने बागेतले सर्वांत मोठे कोनफळ खणून काढले. फुसीने पेटीतली केवड्याच्या पानांची बारीक विणीची चटई काढून दिली. ती चटई तिने लोसेच्या लग्नासाठी राखून ठेवलेली होती, पण त्याविषयी ती काही बोलली नाही. मोठ्यांच्या भेटीला जाताना बांधतात तशा कमरेला चटया तिघांनी बांधल्या आणि शेजाऱ्याच्या गाडीतून ते दक्षिणेला गेले.

म्हातारी उशांना टेकून बसली होती. तानिएलाने कोनफळ व चटई तिच्यापुढे ठेवली आणि मान खाली घालून सगळे सांगितले. म्हातारीने चटईवरून बोटे फिरवली.

"ही फुसीनं विणलेली?"

"हो, आत्या."

"वीण बरी आहे. कड घाईत संपवलीस." मग ती लोसेकडे वळली. "काय शिकणार गं?"

"हिशेब, आजी."

"नवऱ्याचा?"

सगळे हसले. लोसेही हसली. "नाही आजी, कंपनीचा."

"हां, मग टेबल लागणारच," म्हातारी गंभीरपणे म्हणाली. "हिशेब मांडीवर केला की चुकतो. पोरगी वसतिगृहात राहील. लावा तिला फोन."

तानिएलाच्या छातीवरचे ओझे उतरले. लोसेने फोन लावून म्हातारीच्या समोर धरला. पडद्यावर सिउतितीचा चेहरा दिसला. समोर कोण आहे हे पाहताच तिने घाईघाईने केस सारखे केले. तानिएला रीतीप्रमाणे बाहेर ओट्यावर गेला.

"सिउतिती, पोरगी वसतिगृहात राहील."

सिउतिती अगदी हळू म्हणाली, "तुमचा शब्द, आत्या. मी खाट काढून ठेवते."

"खाट मांडली होतीस?"

"कोपऱ्यात. माझ्या खाटेला लावून." तिचा आवाज फुटला. "आत्या, तीस वर्षं झाली मला इथं. माझ्या माहेरचं एक माणूस या घरात चार दिवससुद्धा राहिलं नाही. मी म्हटलं, आता भावाची पोर येईल. लहानपणी मी तुमच्या पायाशी झोपायचे, तशी ही माझ्या पायाशी झोपेल. थंडी वाजली की तुम्ही पायानंच पांघरूण ढकलायचात माझ्यावर."

म्हातारी काही बोलली नाही. ओट्यावर उभ्या असलेल्या तानिएलाला ती शांतता ऐकू आली, आणि त्याच क्षणी त्याला कळले की आपण मोठी चूक केली आहे.

"रडू नकोस," म्हातारी म्हणाली. ती स्वतःही रडत होती. "रडू नकोस गं माझ्या बाळा. पोरगी तुझ्याकडेच येईल. टेबल काय, कुठंही मिळतं. आत्या कुठं मिळते?"

आता वर जाण्यासारखे कोणीच उरले नव्हते. मंगळवारी एका आत्याने मागितले होते, बुधवारी दोघींनी ठरवले. परतताना गाडीत, घराजवळ आल्यावर फुसी म्हणाली, "चटईही गेली." आणि मग, स्वतःचीच लाज वाटल्यासारखी, तिने खिडकीबाहेर तोंड वळवले.

गुरुवारी लोसे दिवसभर जेवली नाही. शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती फोन घेऊन शाळेत आली. तानिएला दुसरीच्या वर्गात खिडकीची कडी बसवत होता. तिने फोन त्याच्यापुढे बाकावर ठेवला. पडद्यावर हिरव्या रंगात होकार होता आणि करड्या रंगात नकार.

"तुम्ही दाबा, बाबा. मी नाही दाबणार."

"लोसे…"

"मी जाईन आत्याकडं. भांडीसुद्धा घाशीन. पण हे मी माझ्या हातानं नाही करणार."

यावर तिला काय सांगावे, हे तो शोधू लागला. सिउतितीचे प्रेम खोटे नाही, म्हातारीचेही नाही, आणि तुझे म्हणणेही खोटे नाही, असे काहीसे त्याच्या मनात होते. परंतु त्यातून कोणताही मार्ग निघत नव्हता, म्हणून ते त्याने सांगितले नाही. त्याने करड्या चौकोनावर अंगठा दाबला. काहीच झाले नाही. पुन्हा दाबला. बावीस वर्षे रंधा धरून त्याच्या अंगठ्याची कातडी अशी झाली होती की फोनला तो अंगठा आहे हेच कळेना. क्षणभर त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकच वेडी आशा येऊन गेली.

"करंगळीनं दाबा," लोसे म्हणाली.

त्याने करंगळीने दाबले. जागा गेली.

त्याच संध्याकाळपासून तानिएला टेबल करू लागला. वादळात पडलेल्या एका झाडाच्या फळ्या त्याने सहा वर्षे छपराखाली वाळवत ठेवल्या होत्या. त्यांतल्या तीन त्याने निवडल्या. पाय जाड केले. बोटीत जावे म्हणून ते सुटे होणारे ठेवले व बोल्टने जोडले. उजव्या हाताला खण केला. डाव्या बाजूची कड, जिथे लिहिताना कोपर येते, ती त्याने तासून इतकी गोल केली की हात लावला तर साबणासारखी वाटावी. शेवटी सात वेळा पॉलिश दिले. पूर्ण झाल्यावर त्याने त्यावर कोपर टेकवून सगळ्या अंगाचा भार दिला. टेबल हलले नाही.

"आता टेबल आहे ना तुला," तो लोसेला म्हणाला. ती टेबलावरून हात फिरवत राहिली आणि मग त्याच्या गळ्यात पडली. पहिल्या बोटीने ती गेली. मालाच्या बोटीने, पोत्यात गुंडाळलेले टेबल तिच्यामागून गेले.

पाच आठवड्यांनी फुसीच्या फोनवर सिउतितीने पाठवलेले छायाचित्र आले, आणि लगेच फोनही. तानिएला दाराबाहेर गेला.

"फुसी, त्याला सांग, लांबलांबची माणसं बघायला येतात. म्हणतात, असं काम सुवात मिळायचं नाही. मी सांगते, माझ्या भावानं स्वतःच्या हातानं करून पाठवलंय. पोरांना तर मी बोटसुद्धा लावू देत नाही."

"आणि लोसे, वन्सं?"

"लोसे गुणाची आहे. तीच रोज पुसते."

फोन संपल्यावर फुसीने छायाचित्र नवऱ्यापुढे धरले. टेबल पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीला लावलेले होते. त्यावर पांढरा विणलेला मेजपोश होता. मेजपोशावर भावाबहिणीच्या वडिलांचे चौकटीतले छायाचित्र, त्यापुढे बायबल, दोन्ही बाजूंना कागदी फुले. खणाला छोटे कुलूप लावलेले होते. भावाने दिलेल्या वस्तूला बहिणीने घरातली सर्वांत मानाची जागा दिली होती. मोठा पाहुणा आला असता तरी तिथे पेला ठेवायला त्याला संकोच वाटला असता.

छायाचित्राच्या खालच्या कोपऱ्यात, टेबलाच्या पायांशेजारी, चटईवर कोणीतरी पालथे पडलेले होते. तानिएलाने करंगळीने ते मोठे केले. लोसे होती. समोर वही उघडी होती. डावे कोपर जमिनीवर टेकलेले होते आणि तिच्या पाठीवर एक लहान मूल बसलेले होते.

"सांगू का मी वन्संना?" फुसीने विचारले. "एकदाच सांगते. म्हणते, ते अभ्यासाचं आहे."

"काय सांगशील? की तुम्ही माझ्या नवऱ्याला मान दिलात ते चुकलं?"

फुसीने फोन त्याच्या हातात दिला.

तानिएला फोन हातात धरून बसून राहिला. पडदा विझला, तेव्हा त्याने तो पुन्हा उजळला नाही. स्वतःच्या नकळत तो आपल्या डाव्या कोपराची काळी कातडी चोळत होता. पलीकडच्या घरात कोणीतरी झाडाची साल कुटून कापड करत होते; काही वेळाने तो आवाज थांबला.

"फुसी," तो शेवटी म्हणाला, "कोपराखाली घ्यायला एक लहान उशी शिव. सावरीचा कापूस घाल."

"शिवते. तो निळा नवा कपडा आहे, त्याचीच करते."

"नवा नको," तो घाईने म्हणाला. "माझा जुना सदरा घे. फाटका आहे तो. चांगली करू नकोस."