दोन आटे

माझ्या दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली ती आमच्याच गल्लीने. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात जमाव' असं लिहिलंय. अज्ञात कसला डोंबलाचा! त्यातल्या प्रत्येकाच्या दारात मी कधी ना कधी वाटीभर साखर मागायला उभी राहिलेय.

दादा नगरपालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर उभं राहायचं, छातीइतक्या उंच लोखंडी चावीने खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा, या वस्तीचं पाणी सोडायचं, त्या वस्तीचं बंद करायचं. तो कामाला लागला तेव्हा गावात नऊ व्हॉल्व्ह होते आणि लोक त्याला हाका मारून चहा पाजत. मग मोठ्या शहरात जागा परवडेनाशी झालेली माणसं इकडे येऊ लागली. आधी चार मजली इमारती उठल्या, मग अकरा मजली. व्हॉल्व्ह सत्तर झाले. टाकी मात्र तीच, एकुलती एक. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या गावाने न बघताच पाय पसरले आणि मग एकमेकांना लाथा घालायला सुरुवात केली.

अक्षरशः लाथा. नळावर दोघींनी एकमेकींचे केस उपटले, एकीच्या कपाळाला सात टाके पडले. गाडी लावण्यावरून एकाने शेजाऱ्याच्या गाडीची काच आणि शेजाऱ्याचं नाक, दोन्ही फोडली. दादाला तर वर्षातून दोन-तीनदा मार ठरलेलाच. कुणी कानाखाली वाजवायचं, कुणी पाठीत दगड घालायचं. "डोकं वाचलं ना, मग झालं," म्हणून तो हसायचा. त्याच्या त्या हसण्याने माझं डोकं फिरायचं.

आमची गल्ली जुनी आणि पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. पाणी यायचं पंधरा मिनिटं, तेही करंगळीएवढ्या धारेने. पण बंद झाल्यावरही नळ दिवसभर ठिबकत राहायचा. घागर लावून ठेवली की दुपारपर्यंत भरायची. लोक म्हणायचे, गळका व्हॉल्व्ह, आपलं नशीब. गळका-बिळका काही नव्हता तो. पूर्ण बंद करायला अठरा आटे फिरवावे लागत, दादा सोळावर थांबायचा. सतरा वर्षं. हे फक्त मला ठाऊक होतं. "कुणाला बोललीस तर माझी नोकरी जाईल," त्याने बजावलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि पेन्शनशिवाय त्याला कुणाचा आधार नव्हता.

त्या उन्हाळ्यात टाकी अर्धीही भरेना. नव्या इमारतींतली माणसं पालिकेवर चालून गेली, पाणी खात्याच्या साहेबांच्या अंगावर खुर्ची फेकली. त्यांना तरी दोष काय द्यायचा? अकराव्या मजल्यावरचं लेकरूही तहानेलंच असतं. दुसऱ्या दिवशी साहेब जातीने आमच्या खड्ड्यापाशी उभे.

"पूर्ण आवळ. माझ्यासमोर."

दादा सोळाव्या आट्यावर थांबला.

"अजून फिरतंय की ते!"

उरलेले दोन आटे त्याला फिरवावे लागले. झालं! ठिबकणं थांबलं, पाइप कोरडा पडला, आणि आता सकाळची पंधरा मिनिटं रिकामा पाइप भरण्यातच संपू लागली. तीन दिवस गल्लीत थेंब नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दादा खांद्यावर चावी घेऊन आला, तेव्हा गल्ली त्याची वाटच बघत होती. सगळ्यांत पुढे माझ्या समोर राहणारा वेल्डर. त्याच्या घरात सहा दिवसांची बाळंतीण. त्याने काही न विचारता दादाच्या तोंडावर ठोसा हाणला. मग सगळेच तुटून पडले. एकीने रिकामी घागर त्याच्या डोक्यात घातली. "नव्यांना विकलंस ना आमचं पाणी!"

मी धावले. मला वाटलं, खरं कळलं तर थांबतील. बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे, सतरा वर्षं तुमचा नळ ठिबकत होता तो याच्यामुळे! साहेबांपासून चोरून दोन आटे उघडे ठेवायचा हा!"

थांबले. खरंच थांबले. वेल्डर दादाकडे बघत राहिला. आता हात देऊन उठवेल, असं मला वाटलं.

"म्हणजे हे याच्या हातात होतं," तो म्हणाला.

पाइपवर माणूस चिडून चिडून किती चिडेल? माणसावरच्या रागाला तळ नसतो, हे मला तेव्हा कळलं. वेल्डरने दादाचा हात खड्ड्याच्या काठावर दाबून धरला आणि त्याच्याच चावीने ठेचला. एकदा, दोनदा, तीनदा. "मग बंद का केलंस? उघड! उघड म्हणतो ना!" त्या हाताने तो काय उघडणार होता? मी वेल्डरच्या दंडाला कडकडून चावले. त्याने झटकलं, मी गटारात पडले.

मग त्यांनीच चावी खाली घातली. उलटसुलट हिसके दिले, फिरेना म्हणून धोंडे घातले. बिडाचा व्हॉल्व्ह तडकला आणि पाणी पुरुषभर उंच उडालं.

मारणारे हात भांडी आणायला पळाले. हंडे, बादल्या, टब, पोरांची खेळण्यातली बादलीसुद्धा. सगळे दादाला ओलांडून जात होते. एकाचा पाय त्याच्या पोटावर पडला, तेव्हा तो "सॉरी हं, चावीवाले," असंही म्हणाला. दादा रक्ताळलेल्या तोंडाने मला म्हणाला, "अगं, टाकी रिकामी होईल. टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करा."

मी गल्लीभर ओरडून सांगितलेलं साहेबांच्या कानावर गेलं. दादाची नोकरी गेली, पेन्शन अडकली. ती माझ्या तोंडाने गेली, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते मी कबूलही करते. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

माझ्याही घरात तीन दिवस पाणी नव्हतं. गटारातून उठले ती मी आधी घरात गेले. एक बादली भरली, आत नेऊन ठेवली. दुसरी भरली. मग दादाला उचलायला गेले. तो शुद्धीवर होता, आणि माझ्याकडेच बघत होता.